दोन्ही बाजूंना ट्रान्सफर मारताना पुढचा पांढरा लोगो गुलाबी पडतोय, मदत हवी

शिवणटीप | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितेय.

कल्याणला घरीच माझं छोटं काम आहे. आधी ब्लाउज आणि फॉल-पिको करायचे, गेल्या दिवाळीपासून हीट प्रेस (टी-शर्टवर छाप गरम दाबून बसवायचं मशीन) घेतलाय. मशीन १५ बाय १५ इंची, वरची प्लेट पुस्तकासारखी उघडते ती, क्लॅमशेल. जवळच्याच एका गोविंदा पथकाचं ८४ टी-शर्टांचं काम आलंय. लाल टी-शर्ट, पुढे डाव्या छातीवर ४ इंची पांढरा लोगो. मागे पथकाचं नाव आणि त्याखाली ज्यांनी पैसे दिले त्यांचं नाव, पिवळ्या-काळ्या अक्षरांत, ११ बाय १३ इंच. डीटीएफची फिल्म (डिझाइन आधी फिल्मवर छापतात, मग गरम दाबून कापडावर उतरवतात ती) बाहेरून मीटरवर छापून आणली. टी-शर्ट मी होलसेलमधून आणले, 'बायोवॉश कॉटन' म्हणून दिलेत.

पहिले २२ मारले. १६५ अंश, १५ सेकंद, गार झाल्यावर फिल्म काढायची, मग बटर पेपर ठेवून परत १० सेकंद. आधी पुढचा लोगो, मग शर्ट पालथा घालून मागचं. लोगो मारून बघितला की दुधासारखा पांढरा. मागचं मारून शर्ट उलटवला की तोच लोगो दुधात गुलाबाचं सरबत पडल्यासारखा. शिवाय खालच्या सिलिकॉन पॅडचे बारीक ठिपके त्याच्यावर उठलेत, आणि तीन शर्टांत लोगोचा कोपरा पॅडलाच चिकटून ओढला गेला.

शनिवारी दहीहंडी आहे. ६२ टी-शर्ट कोरे पडलेत आणि पुढे हात लावायची हिंमत होत नाहीये. कुठे चुकतंय?

ढापणे | सोमवार, रात्री ११:३४

गुलाबी लोगोवाल्यांचं वेगळं महिला पथक काढा.

(गंमत केली. यातलं मला काही कळत नाही, पण धागा वाचतोय.)

मांडवीपार | सोमवार, रात्री ११:५२

ताई, मी गोव्यात फुटबॉलच्या जर्सी करतो, गावागावांतल्या स्पर्धांच्या. तुमचं दुखणं ओळखीचं आहे. एका बाजूला मारलेला रंग दुसरी बाजू मारताना परत तापतो, त्याची वाफ होते आणि तो जाईल तिथे जातो. शर्टाच्या आत एक कोरा कागद घाला आणि खाली प्लेटवर दुसरा. दर शर्टाला नवा कागद, वापरलेला परत वापरायचा नाही, नाहीतर मागच्या शर्टाची सावली पुढच्यावर उमटते.

कोराच कागद हां. आमच्याकडे एका पोराने काटकसर म्हणून पेपरची रद्दी आत घातली होती. २०० अंश आणि वरून दाब! गोलकीपरच्या जर्सीच्या आत श्रद्धांजलीची जाहिरात उलटी उमटली, फोटोसकट.

मीटरभर | मंगळवार, सकाळी ७:१०

मांडवीपार, तुम्ही सबलिमेशनचं सांगताय, ताईंचं काम डीटीएफचं आहे. दोन्हींत फरक आहे. सबलिमेशनमध्ये रंग कापडाच्या धाग्यात शिरतो. डीटीएफमध्ये रंग कापडावर बसतो आणि त्याला धरून ठेवते ती मागची गोंदाची पावडर. ती वितळते, कापडाला पकडते, गार झाली की घट्ट होते. परत तापवली की परत मऊ पडणार. पुढचा लोगो खाली तोंड करून गरम पॅडवर झोपला असेल आणि वरून दाब असेल तर पॅडचे ठिपके उठणार आणि कोपरा ओढला जाणार, यात नवल नाही.

यावर खरा उपाय म्हणजे शर्ट प्लेटवर पसरायचाच नाही, प्लेटमध्ये चढवायचा. उशीला अभ्रा घालतो तसा. प्लेटवर कापडाचा एकच थर राहतो, दुसरी बाजू प्लेटच्या खाली लोंबते आणि तिला आच लागत नाही. वरची प्लेट बाजूला फिरते त्या मशीनवर हे सोपं जातं. तुमच्या क्लॅमशेलला खालच्या प्लेटखाली किती जागा आहे?

गुलाबी रंगाचं कोडं मात्र मला उलगडलेलं नाही. कॉटनवर असं व्हायला नको.

शिवणटीप | मंगळवार, सकाळी ९:०५

खाली जागा जेमतेम दोन बोटं. शर्ट अर्धा चढतो आणि मागच्या खांबाशी अडतो. ओढून बघितला तर शिवण उसवायला लागली.

कबड्डीवेडा | मंगळवार, सकाळी ९:४०

जागा नसेल तर आत काहीतरी घालाच ताई. आमचा अनुभव सांगतो. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि त्यानंतर गावातल्या शाळकरी टीमलासुद्धा पाठीवर हा मोठा नंबर लागतो. आम्ही जाळीच्या कापडाच्या बनियनवर व्हिनाइलचे नंबर मारले, आत काही न घालता. गोंद जाळीतून आरपार गेला. पाठीवरचा ७ आणि पोटाचं कापड आतून एकमेकांना असे चिकटले की रेडर सामन्याआधी बनियनमध्ये डोकं घालतोय आणि ते पलीकडून बाहेरच येत नाहीये.

रंगारी_इचलकरंजी | मंगळवार, सकाळी १०:१५

शिवणटीप, एक विचारतो. ते कापड कॉटन आहे हे तुम्ही पडताळलं का, की दुकानदार म्हणाला म्हणून?

मी तीस वर्षं डाईंगमध्ये काढली. लाल कापडावरचं पांढरं उष्णता लागल्यावर गुलाबी पडलं, एवढंच कोणी फोनवर सांगितलं तरी माझं पहिलं उत्तर असतं की कापडात पॉलिस्टर आहे. शर्टाच्या खालच्या दुमडीतून आतला एक धागा काढा. चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. अगदी ज्योतीत नका घालू, आधी जवळ न्या आणि तो काय करतो ते बघा. मग पेटवा. वास आणि राख दोन्ही इथे सांगा. शेजारी पाण्याची वाटी ठेवा, पॉलिस्टर वितळून ठिपकलं तर बोटाला चटका बसतो.

शिवणटीप | मंगळवार, सकाळी ११:३०

केलं. पणती लावली, तर सासूबाई म्हणाल्या, श्रावणात देवापुढच्या पणतीवर चिंध्या जाळतेस होय? शेवटी मेणबत्ती शोधली.

धागा ज्योतीजवळ नेला, टेकवलाही नव्हता, तर तो मागे सरला. अक्षरशः अंग चोरल्यासारखा. मग पेटवला तर काळा धूर आला, आणि टोकाला मोहरीएवढा काळा मणी. गार झाल्यावर नखाने फोडायला गेले, फुटेना. वास औषधाच्या बाटलीचं प्लॅस्टिक जळावं तसा, थोडा गोडसर.

तुलनेला माझ्या जुन्या सुती परकराचा धागा जाळला. तो सरळ पेटला, कागद जळाल्याचा वास आला, आणि राख बोटाला लागताच भुगा.

म्हणजे मला कॉटन म्हणून पॉलिस्टर दिलंय ना?

रंगारी_इचलकरंजी | मंगळवार, दुपारी १२:२०

हो. मणी नखाने फुटत नाही म्हणजे निव्वळ पॉलिस्टर किंवा त्याच्या फार जवळचं. मिश्र असतं तर थोडी मऊ राखही मिळाली असती. हल्ली पॉलिस्टरला इतकी छान फिनिश देतात की हाताला कॉटनसारखं लागतं, त्यामुळे तुम्ही फसलात यात तुमचा दोष नाही.

आता गुलाबी का पडलं ते सांगतो. कॉटनला रिअ‍ॅक्टिव्ह रंग लावतात, तो धाग्याशी रासायनिक गाठ बांधतो आणि इस्त्रीच्या तापाला दाद देत नाही. पॉलिस्टरला लागतो डिस्पर्स रंग. तो गाठ वगैरे बांधत नाही. बंद मशीनमध्ये दाबाखाली पाणी साधारण १३० अंशांपर्यंत नेतात, तेव्हा पॉलिस्टरचा धागा सैल पडतो आणि रंगाचे कण आत जाऊन बसतात. गार झालं की धागा आवळतो, रंग आत कोंडला जातो. बस, इतकंच. आता तुम्ही त्याच धाग्यावर १६५ अंशांची प्लेट ठेवलीत. ज्या तापाला रंग आत शिरला त्याच्या कितीतरी वर. दार परत उघडलं, रंग बाहेर निघाला आणि समोर आयता मऊ पांढरा थर मिळाला, त्यात जाऊन बसला. मांडवीपार जे मुद्दाम करतात तेच तुमच्याकडे नको असताना झालं. त्यामुळे त्यांचं उत्तर वाटलं तेवढं चुकीचं नव्हतं.

रंगवल्यानंतर कापड हायड्रो आणि कॉस्टिकमध्ये धुवून वरवरचा सुटा रंग काढायचा असतो. स्वस्त मालात ही धुलाई उरकतात किंवा गाळतात. मग लाल आणि मरून फार त्रास देतात. एक शर्ट पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून बघा, फडकं लाल झालं तर समजा.

अजून एक. ते २२ शर्ट मारून झाल्यावर तुम्ही कसे ठेवलेत?

शिवणटीप | मंगळवार, दुपारी १२:४०

एकावर एक. घड्या घालून गठ्ठा केला, वर इस्त्रीचं ब्लँकेट टाकलं, पावसाची दमट हवा लागू नये म्हणून.

आणि हो, सकाळी बघितलं तर रात्रीपेक्षा जास्त गुलाबी वाटले. मला वाटलं नजरेचा दोष.

रंगारी_इचलकरंजी | मंगळवार, दुपारी १२:५५

नजर बरोबर आहे. गरम शर्टांचा गठ्ठा रचला की आतली आच तासन्‌तास टिकते आणि रंग सरकत राहतो. वरून ब्लँकेट म्हणजे हंडी चुलीवरून उतरवून निखाऱ्यावर ठेवल्यासारखं. शर्ट एकेक करून दोरीवर, पंख्याखाली. गार झाल्याशिवाय घडी नाही.

मीटरभर | मंगळवार, दुपारी १:३०

रंगारी काकांना दंडवत. आता पुढचं मी सांगतो, कारण फिल्म छापायचं काम माझंच आहे.

ताई, फिल्म जिथे छापून घेतली तिथे काळी पावडर मिळते का विचारा. नेहमीची गोंदाची पावडर पांढरी असते. पॉलिस्टरसाठी काळी येते, ती कापड आणि पांढऱ्या शाईच्या मध्ये भिंत घालते. रंग वर चढायला जातो आणि काळ्यातच अडकतो. पुढून बघाल तर काही फरक दिसत नाही. सगळी फिल्म परत छापू नका, फक्त पांढरे लोगो. ४ इंची ६२ लोगो रोलच्या लांबीत फार जागा घेत नाहीत, आडवे-उभे नीट बसवले तर दीड मीटरच्या आत मावतील.

ताप कमी करा. पावडर कमी तापाची असेल तर १४० च्या आसपास चालतं, पण आकडा ज्यांच्याकडून घ्याल त्यांनाच विचारा, पावडरीगणिक बदलतो. आधी एका शर्टाच्या खालच्या कडेला आतून पांढरा तुकडा मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पांढरा असेल तरच पुढे जा. घाई असली तरी ही रात्र वाचवू नका.

आणि डिस्प्लेवरचा १४० म्हणजे प्लेटवरचा १४० असतोच असं नाही. माझ्या पहिल्या मशीनची मधली जागा आणि कोपरे यांत दहा-बारा अंशांचा फरक होता. तापमानाची गन असेल तर वरच्या प्लेटच्या काळ्या टेफ्लॉन लेपावर रोखा. उघड्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती गन खूप कमी आकडा दाखवते, मग माणूस उगाच नॉब वाढवत बसतो.

शिवणटीप | मंगळवार, दुपारी २:१०

काळी पावडर आहे म्हणतात, आज संध्याकाळी फिल्म देतील.

पण दोन बाजूंचं काय? शर्ट तर प्लेटमध्ये चढत नाही. नवऱ्याने १२ मिलिमीटरचं प्लाय कापून दिलंय, ११ बाय १४ चं. ते आत घालून मारू का?

कबड्डीवेडा | मंगळवार, दुपारी २:२५

घाला. आम्ही तेच करतो.

मीटरभर | मंगळवार, दुपारी २:४०

थांबा, क्लॅमशेलमध्ये नको. वरची प्लेट मागच्या बिजागरीवर दारासारखी मिटते. मध्ये जाड वस्तू आली की मागची कड आधी दाबली जाते आणि पुढे फट राहते. बारा मिलिमीटर म्हणजे तुमच्या मागच्या डिझाइनचा वरचा अर्धा भाग पक्का बसेल आणि खालचा अर्धा पहिल्या धुण्यात हातात येईल. कबड्डीवेडा, तुमची मशीन कुठली?

कबड्डीवेडा | मंगळवार, दुपारी २:५०

बाजूला फिरणारी. तिची प्लेट सरळ वरून खाली येते. बरोबर, मग प्लाय नको. शब्द मागे.

मीटरभर | मंगळवार, दुपारी ३:०५

६-८ मिलिमीटरचा सिलिकॉन स्पंज घ्या, डिझाइनपेक्षा सगळ्या बाजूंनी जेमतेम अर्धा इंच मोठा कापा आणि टेफ्लॉन शीटमध्ये गुंडाळून शर्टाच्या आत घाला. तो दबतो, त्यामुळे दाब सगळीकडे सारखा पडतो. मोठा मात्र कापू नका. स्पंजमुळे डिझाइनपुरतीच जागा वर उचलली जाते, आणि गळ्याची जाड शिवण, खांद्याची पट्टी, बाह्यांचे जोड हे सगळं त्याच्या कडेला खाली पडतं. पाठीवरच्या नावाची वरची ओळ नेहमी सुटते ती याच कारणाने. गळपट्टीच्या जाडीवर प्लेट तरंगते आणि शेजारच्या अक्षरांना दाबच मिळत नाही.

स्पंजमुळे वरची आचही खालच्या बाजूपर्यंत फारशी पोचत नाही. तरी खालच्या पॅडवर एक बटर पेपर असू द्या.

दोन शर्टांच्या मध्ये मशीन मिटून ठेवू नका. खालच्या प्लेटला स्वतःचं हीटर नसतं, पण मिटून ठेवली की वरची तिला तापवते. वीस-पंचवीस शर्टांनंतर तिला हात लावून बघा. तुमचे ठिपके आणि चिकटलेले कोपरे शेवटच्या शर्टांत जास्त आहेत का?

शिवणटीप | मंगळवार, दुपारी ३:२०

तिन्ही चिकटलेले शर्ट विसाव्यानंतरचे. मध्ये चहाला उठले होते तेव्हा मशीन मिटलेलीच होती.

मांडवीपार | मंगळवार, दुपारी ४:१५

आता आधी कुठली बाजू? आम्ही कायम लहान आधी, मोठी नंतर.

मीटरभर | मंगळवार, दुपारी ४:३०

मी उलट करतो. मोठी आधी, लहान शेवटी. लहान मारताना शर्टाचा फक्त तो कोपरा प्लेटवर घेता येतो, बाकीचा शर्ट बाहेर लोंबतो.

रंगारी_इचलकरंजी | मंगळवार, संध्याकाळी ५:००

लहान-मोठ्याचा इथे संबंध नाही. पांढरं कुठे आहे ते बघा. मागची अक्षरं पिवळी आणि काळी आहेत, पिवळ्यात लाल उतरला तर पिवळं किंचित केशरी होईल, कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. पांढऱ्याला मात्र एक थेंब लपत नाही. म्हणून पांढरं शेवटी, म्हणजे त्याला आच एकदाच लागेल. उद्या कोणी मागे पांढरं आणि पुढे काळं घेऊन आलं तर क्रम उलटा.

चौथाथर | मंगळवार, रात्री १०:४५

सरावाहून आत्ताच आलो. खांदे बोलतायत, म्हणून थोडक्यात.

ताई, मागचं डिझाइन गळ्यापासून किती खाली घेताय? प्रिंटवाल्यांना हे कोणी सांगत नाही आणि आम्ही पण आधी सांगायला विसरतो. आम्ही एकमेकांच्या खांद्यावर उभे राहतो. प्रिंट खांद्याच्या जवळ आलं तर पावलाखाली कापड नसतं, प्लॅस्टिक असतं. वरून पाणी मारतात, पाऊस असतोच. ओलं प्लॅस्टिक आणि ओला तळवा! दोन वर्षांपूर्वी आमच्या टी-शर्टवर एका साहेबांचं नाव या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत होतं. दुसऱ्या सरावाला सगळ्यांनी शर्ट उलटे घातले, आतली बाजू बाहेर. साहेब हंडीला आले तेव्हा परत सुलटे घातले आणि थर एक कमी लावला.

गळपट्टीपासून निदान चार-पाच इंच खाली घ्या, आणि रुंदी पाठीच्या मधल्या भागातच ठेवा. नाव वाचता येतं, पायही टिकतो. २०२२ साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, पण टी-शर्ट अजून बॅनरच समजतात.

शिवणटीप | मंगळवार, रात्री ११:००

बाई गं. मी तीन इंचांवर घेत होते, उठून दिसावं म्हणून. उद्यापासून पाच. बरं झालं सांगितलंत.

चौथाथर | मंगळवार, रात्री ११:०६

अजून एक, तुमचे बिघडलेले २२ फुकट नाही जाणार. तळाच्या थरात सगळे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून आत तोंड करून उभे असतात. छाती कोणालाच दिसत नाही, दिसतात फक्त पाठी. गुलाबी लोगोवाले तळाला द्या.

ढापणे | मंगळवार, रात्री ११:१५

धाग्यातलं सर्वांत हुशार उत्तर. मी माझा महिला पथकाचा प्रस्ताव मागे घेतो.

वाचनमात्र | बुधवार, सकाळी ८:२०

वाचनखूण साठवली. माझं यातलं कामही नाही, तरी सगळा धागा वाचून काढला. घरातल्या तीन 'कॉटन' टी-शर्टांचे धागे जाळून झाले. तिन्हींचे मणी.

शिवणटीप | गुरुवार, रात्री १२:१०

चौथाथर, तुमची युक्ती पथकाच्या प्रमुखांना सांगितली. ते आधी हसले, मग म्हणाले, "ताई, बिघडलेल्यांचे साइज काय?" बावीसच्या बावीस मीडियम. मी छोट्या साइजपासून सुरू केलं होतं! तळाची पोरं सगळी डबल एक्सेल. मीडियमवाले वरच्या थरांतले, म्हणजे सगळं कल्याण ज्यांच्याकडे मान वर करून बघणार ते.

तर मग असं केलं. बावीस लोगो अजून छापून घेतले, काळ्या पावडरीचे, कडेला बारीक काळी रेघ देऊन जुन्या लोगोपेक्षा पाव इंच मोठे. ते थेट जुन्याच्या वर मारले. मीटरभर यांना फोटो पाठवले होते, ते म्हणाले, जुना थर सपाट असेल तर बसेल, फक्त चिकटून ओढले गेलेले तीन सोडा. एकोणीस वाचले. हाताला जरा जाड लागतात. तीन टी-शर्ट माझ्या पदरच्या पैशांनी नवे आणले, या वेळी खिशात लायटर घेऊन गेले होते. दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.

पांढरा तुकडा मारून रात्रभर ठेवला होता. सकाळी नवऱ्याला दाखवला, काही न सांगता, कुठला रंग दिसतो विचारलं. तो म्हणाला, पांढरा, आणि आता चहा मिळेल का.

कोऱ्या शर्टांना आधी पाच सेकंद नुसती प्लेट टेकवते, ओल काढायला. पहिल्याच शर्टातून हलकी वाफ निघाली. म्हणजे आधीचे बावीस मी ओलसर कापडावरच मारले. मग आत स्पंज, मागचं आधी, पाच इंच खाली. मग दोरीवर पंख्याखाली, निवेपर्यंत. मग पुढचा लोगो, कोपराच प्लेटवर. गंमत म्हणजे दोरीवर टांगायच्या पद्धतीने काम हळू होईल वाटलं होतं, पण झालं उलट. एकीकडे मागच्या बाजू मारत जायच्या, दहा शर्ट टांगून होईतो पहिला निवलेला असतो. आज चाळीस झाले.

एकच खोट राहिली. पाठीवर प्लेटच्या कडेची चौकोनी चकाकी उमटतेय, उजेडात तिरकं धरलं की दिसते.

मीटरभर | गुरुवार, सकाळी ७:३०

पॉलिस्टरला हे होतंच. दाब थोडा सैल करा आणि डिझाइनवर ठेवता तो कागद प्लेटपेक्षा मोठा घ्या, कागदाची कड शर्टवर येऊ द्यायची नाही. उमटलेल्यांवर वाफेची इस्त्री वरून धरा, टेकवू नका. बरीचशी जाते.

चौथाथर | गुरुवार, सकाळी ७:४५

ती चौकोनी चकाकी शनिवारी पहिल्या बादलीलाच जाईल. धुण्याचं मात्र पोरांना सांगा, एक दिवस तरी पाण्यात घालू नका. म्हणजे... शनिवारच्या आदल्या रात्री देऊ नका, शुक्रवारी सकाळी द्या.

शिवणटीप | रविवार, दुपारी ४:००

शुक्रवारी दुपारी दिले, ८४ चे ८४. काल रस्त्यावर उभी राहून बघितलं. सात थर लागले आणि नीट उतरले. मला थरांपेक्षा लोगोच दिसत होते. वरचे मीडियमवाले भिजून चिंब, लोगो पांढरे. फक्त एका पोराचा कोपरा उचललेला दिसला, तो वरून मारलेल्या एकोणीसपैकी असावा.

आता तेच प्रमुख गणपतीसाठी मंडळाचे कुर्ते विचारतायत. पुढे छातीवर बाप्पा, मागे मंडळाचं नाव, आणि गळ्याला बटणांची पट्टी. बटणांचं काय करायचं असतं?

कबड्डीवेडा | रविवार, दुपारी ४:२०

स्पंजला बटणांच्या जागी भोकं पाडा. पण ताई, आधी धागा जाळा.